विनंती थांब्यावरचं पाऊल

तिचा नाच मी पहिल्यांदा पाहिला तो फाट्यावर, बसची वाट पाहताना. तो नाच आहे हे तेव्हा मला कळलं नव्हतं. तिलाही नसावं.

आमचं गाव आणि तिचा तांडा, दोघांचा फाटा एकच. औंढ्याहून हिंगोलीकडे जाणाऱ्या रस्त्यावर लिंबाच्या झाडाखाली एक पत्र्याची पाटी आहे, 'विनंती थांबा'. हात केला तर बस थांबते, असा त्याचा अर्थ. पण हात कोण करतंय यावर ते ठरतं. गावातली दोन वजनदार माणसं उभी असली की बस पाटीच्या अलीकडेच थांबते. नुसत्या तांड्यावरच्या बाया-पोरी असल्या की वेग जरा कमी होतो, आता थांबणार असं वाटतं, आणि बस निघून जाते. गाडी भरलेली असेल, उशीर झाला असेल. कारणं असतात. कारणं नेहमीच असतात.

कॉलेजची तीन वर्षं आम्ही दोघी तिथं रोज सकाळी उभ्या राहिलो. वळणावर बस दिसली की तिचा उजवा हात वर जायचा, डावं पाऊल डांबराच्या कडेवर अर्धं पुढं पडायचं आणि सगळं अंग त्या पावलावर झुकायचं. बस गेली की ती पाऊल मागं घ्यायची. तसं मागं घेणं मी दुसऱ्या कुणाचं पाहिलेलं नाही. मी शिव्या द्यायचे, दगड उचलायचे. ती आधी खांदा परत आणायची, मग कंबर, मग गुडघा, आणि सगळ्यात शेवटी पाऊल. ते पाऊल कधी पुढं गेलंच नव्हतं असं वाटायचं.

"काय करून राहिली गं?" मी एकदा विचारलं.

"अपमान गिळून राहिले," ती म्हणाली. "हळू गिळला की ठसका लागत न्हाई."

आणि हसली. मग दोघी चालत पुढच्या थांब्यापर्यंत गेलो. पहिला तास बुडाला.

मी पत्रकांच्या घरातली. वडील पिठाची गिरणी चालवायचे आणि उरलेल्या वेळात चळवळ. दळण झालं की पिठाच्या प्रत्येक डब्यावर ते एक पत्रक ठेवून द्यायचे. पाण्याचं, शाळेच्या छपराचं, मजुरीचं, मोर्चाचं. अक्षरं मी पत्रकांवरच गिरवली. चौदाव्या वर्षी पत्रकं लिहायलाही लागले. वडिलांचे नियम मला पाठ होते. पहिल्या ओळीशी चालता माणूस थांबला पाहिजे. दुःख मोघम सांगायचं नाही, हात-पाय-पोट दाखवायचं. आणि 'मी' लिहायचं नाही, 'आम्ही' लिहायचं. हे 'आम्ही' लिहिण्याआधी कुणाला विचारायचं असतं का, असा प्रश्न आमच्या घरात कधी निघाला नाही. आपण ज्यांच्या बाजूनं बोलतो त्यांना काय विचारायचं?

ती मला 'पत्रक' म्हणायची. "ये पत्रक, बस कवा येईल ते छापून आण बरं तुझ्या बापाकडून."

कॉलेजात युवक महोत्सव आला की तिला कुणी काही विचारायचंच नाही. तांड्यावरची आहे, मग आरशांची चोळी, म्हणजे काचळी, आणि घेराचा घागरा, म्हणजे फेटिया, घालून लोकनृत्यात उभी राहणारच. पहिल्या वर्षी ती उभी राहिली. दुसऱ्या वर्षी तिनं नाही म्हणून सांगितलं. सर म्हणाले, "मग तू काय करणार? तुझं तेच तर आहे." त्याच वर्षी नांदेडला तीन दिवसांची समकालीन नृत्याची कार्यशाळा होती, तिथं ती एकटी गेली. परत आली ती फाट्यावरून तांड्यापर्यंत बोलतच.

"तिथं कुणी इचारलंच न्हाई तू कुठली म्हणून. म्हणाले, जमिनीवर पड आन श्वास कुठवर जातो ते बघ. तासभर! मी म्हणलं, हा बी नाच हाय का? ते म्हणाले, तू ठरव."

तिनं ठरवलं. पुण्यात दुकानात काम करत दोन वर्षांचा कोर्स केला. मग परत येऊन वसमतच्या एका इंग्रजी शाळेत गॅदरिंगचे नाच बसवायला लागली. सिनेमाची गाणी, पोरांना टोप्या आणि गॉगल. रविवारी मात्र ती तांड्याच्या शाळेच्या ओसरीत स्वतःचं काम करायची. ते काम म्हणजे फाट्यावरचं पाऊल. हात वर, पाऊल अर्धं पुढं, आणि परत येणं. ती हे वीस-वीस मिनिटं करायची, संगीताशिवाय, आणि दर वेळी परत येण्याचा रस्ता अंगात वेगळा असायचा. एकदा तिनं ते इतकं सावकाश केलं की मला वळणावरून बस येताना ऐकू आली. तिथून रस्ता दिसतसुद्धा नाही.

तेव्हा शहरातल्या एका संस्थेच्या रेसिडेन्सीची जाहिरात आली. नवोदित नृत्यरचनाकारांसाठी सहा आठवडे. राहायची सोय, लाकडी फरशीचा स्टुडिओ, एक अनुभवी मार्गदर्शक, आणि शेवटी तुमची स्वतःची पहिली रचना. चार आठवडे शहरात, दोन आठवडे आपापल्या गावी. गावात सगळ्यांसमोर करून दाखवायचं, आणि त्यातून निवडलेल्या रचना शहराच्या महोत्सवात.

"तिथं सहा हप्ते राहून काय करायचं?" तिच्या आईनं विचारलं. घरात ती आईला याडी म्हणते.

"नाच बसवायचा, याडी."

"सहा हप्ते? आमी तर एका दुपारात बसवतो." आणि याडी खो खो हसली.

शाळेनं एवढी सुट्टी द्यायला नकार दिला. तिनं नोकरी सोडली. अजून निवड व्हायची होती, तरी सोडली. अर्ज इंग्रजीत होता, तो माझ्याकडे आला. एक प्रश्न असा होता: तुमच्या शरीरात कोणता इतिहास आहे?

तिनं मला मराठीत उत्तर सांगितलं. माझ्या वहीत ते अजून आहे. 'इतिहास मला ठाऊक नाही. बस न थांबता जाते तेव्हा पुढं टाकलेलं पाऊल मागं घ्यावं लागतं. ते मागं घेताना अंगात काय काय होतं ते मला शोधायचं आहे.'

मी ते वाचलं आणि मला भीती वाटली. यावर कोण थांबणार? पहिली ओळच पडलेली. मी रात्रभर नाही, अर्ध्या तासात नवीन लिहिलं. हात सवयीचा होता. 'माझ्या आईच्या भेगाळलेल्या, हळदीनं पिवळ्या झालेल्या तळहातांत आमच्या तांड्याचा रस्ता आहे. तिच्या काचळीच्या फुटक्या आरशांत बघून ती रडते, त्याच आरशांत मी स्वतःला शोधते. आम्ही बैलांच्या पाठीवरून मीठ वाहिलं, आता आम्ही आमची वेदना वाहतो.' असं दीड पान. शेवटी लिहिलं की ती आईसोबत, आईचा जुना पोशाख घेऊन रचना करेल. पावलाची गोष्ट मी एका ओळीत, खाली ठेवली.

"लिहिलंस का बराबर?" तिनं विचारलं.

"एकदम बराबर," मी म्हणाले. आणि ते मला खरंच तसं वाटत होतं.

तिची निवड झाली.

शहरातल्या पहिल्याच दिवशी सगळ्यांना गोल बसवून, डोळे मिटायला लावून, मार्गदर्शक बाईंनी प्रत्येकाचा प्रस्ताव मोठ्यानं वाचला. इंग्रजीतून, आणि मग हिंदीत समजावून. दुपारी तिचा फोन आला.

"मही याडी आरशात बघून कवा रडली व्हती गं?"

"तसं लिहिल्याशिवाय घेत नाहीत," मी म्हणाले.

"तुला कोणी सांगितलं?"

मला कुणीच सांगितलं नव्हतं. पण मी म्हणाले, "सगळ्यांना माहीत आहे."

"बरं," ती म्हणाली. "सगळ्याहीला माहीत हाय तं ऱ्हाऊ दे." फोन बंद झाला.

चार आठवडे तिनं तिथं काय केलं ते मला तुकड्यातुकड्यांत कळलं. सकाळी ती पावलावर काम करायची आणि दुपारी मार्गदर्शक बाई विचारायच्या, "सुंदर आहे. पण आई कुठंय?" तिनं सांगितलं की तो अर्ज मैत्रिणीनं लिहिला, मला ते करायचं नाही. बाई म्हणाल्या की निवड समितीनं त्याच प्रस्तावावर निवड केली आहे, आणि कधी कधी मैत्रिणीला आपल्याबद्दल आपल्यापेक्षा जास्त कळतं. हे ऐकून मला राग यायला हवा होता. मला आधी जरा बरंच वाटलं. हेही लिहून ठेवते.

मग बाई दोन आठवड्यांसाठी तांड्यावर आल्या, सोबत एक कॅमेरेवाला. हळद काढणीचे दिवस होते. याडी शेतातून आली तेव्हा बाई उठून तिच्याजवळ गेल्या, तिचे दोन्ही हात हातात घेतले आणि तळहात उलटे करून पाहिले. मला कळलं त्या काय शोधतायत. तळहात पिवळे होते, खरबरीत होते, पण भेग एकही नव्हती. याडी रोज संध्याकाळी तेल लावते.

"हात बघून राहिल्यात का?" याडी म्हणाली. "मंग सांगा, मव्हं मरण कवा हाय? हळदीच्या दिवसांत नको, लई काम असतंय."

सगळे हसले. बाईही हसल्या, पण थोडं उशिरा.

ती बाई वाईट नव्हती. वाईट असती तर सोपं झालं असतं, वाईट माणसावर पत्रक काढता येतं. तिनं घरात सगळ्यांसोबत खाली बसून भाकरी खाल्ली, लेकरांना श्वासाचे खेळ शिकवले, याडीचं प्रत्येक वाक्य वहीत लिहून घेतलं. तिच्याकडे एक कागद होता आणि तो कागद मी लिहिला होता.

दुसऱ्या दिवशी बाईंनी याडीला जुन्या पोशाखाबद्दल विचारलं. लेक मध्येच बोलली, "याडी न्हाई घालणार."

"काहून न्हाई?" याडी म्हणाली. "तुव्हं काम अडून राहिलं ना त्याच्याबिगर?"

लेक माझ्याकडे पाहत राहिली.

याडीनं पलंगाखालची लोखंडी पेटी ओढली. पोशाखाला कापराचा वास येत होता. आरसे शाबूत होते, फुटका एकही नाही. ती घड्या उलगडत सांगायला लागली, बाईंना नाही, मला. शेवटचा कधी घातला ते. कुणी मोठा पाहुणा सिद्धेश्वरच्या धरणाकडे जाणार होता. सगळ्या तांड्याच्या बायांना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभं केलं होतं, सकाळपासून, उन्हात. गाड्या आल्या तेव्हा त्यांनी नाच सुरू केला.

"गाडीची काच बी खाली न्हाई झाली, पोरी. आमी नाचतच राहिलो. थांबायचं कवा ते कुणी सांगितलंच न्हाई. धूळ बसली तरी नाचून राहिलो." ती हसली. "तवा हे लेकरू एवढं व्हतं, मव्हा फेटिया धरून उभं. मंग घरी येऊन हे पेटीत टाकलं."

मी लेकीकडे पाहिलं. तिला हे आठवत असावं किंवा नसावं. तिचा उजवा हात मांडीवर उघडा पडला होता.

तिची आणि मार्गदर्शक बाईंची त्या दिवशी तडजोड झाली. आधी आई, मग ती. आईचा नाच संपला की त्या जागेवरून तिचं पाऊल सुरू होईल. तिला वाटलं, निदान पाऊल तरी लोकांसमोर येईल. तिची पहिली रचना. नोकरी गेली होती, सहा आठवडे गेले होते, तिच्याजवळ तेवढंच होतं. मला म्हणाली, "तू काही बोलू नको. कोणासंगंच."

सादरीकरण शाळेच्या पटांगणात झालं, दुपारी चारला. तांडा सगळा आला, आमच्या गावातले थोडे, शहरातून संस्थेचे चौघे. याडी पोशाख घालून आली तेव्हा म्हाताऱ्या बायांनी टाळ्या वाजवल्या आणि गाणं धरलं. एक म्हातारी ओरडली, "अगं, फेटिया आखडला का तू फुगली?" याडीनं तिला कोपरानं ढकललं. तोवर सगळं ठीक होतं. मग बाईंनी हात वर करून गाणं थांबवलं, कारण रचनेत गाणं नव्हतं. शांततेत नाचायचं होतं. याडी गाण्याशिवाय कधी नाचली नव्हती.

ती नाचली. एक फेरी, दोन फेऱ्या. फक्त आरशांचा आणि पैंजणांचा आवाज आणि तिच्या धापेचा. कॅमेरेवाला तिच्याभोवती वाकून फिरत होता. तिसऱ्या फेरीला तिचं पाऊल चुकायला लागलं, ती आमच्याकडे पाहायला लागली, आणि मला कळलं की थांबायचं कधी ते या वेळीही तिला कुणी सांगितलेलं नाही. बाईंच्या डोळ्यांत पाणी होतं. त्यांना ते थकणं हवं होतं. ते माझ्याच दीड पानात होतं: 'थकलेल्या शरीराची वेदना'.

लेक मधे गेली. ठरल्याच्या आधी. तिनं आईला दंडाला धरून ओसरीवर बसवलं, पाणी दिलं. मग पटांगणाच्या कडेला, शाळेच्या फाटकापाशी जाऊन ती उभी राहिली. हात वर. पाऊल अर्धं पुढं. पण टाळ्या सुरू झाल्या होत्या. सगळे याडीभोवती जमले होते, फोटो काढत होते. कॅमेऱ्याची पाठ फाटकाकडे होती. तिनं खांदा परत आणला, मग कंबर, मग गुडघा. ते संपूर्ण मी पाहिलं. मी आणि फाटकाबाहेरची एक शेळी.

मी ओसरीवर गेले तेव्हा याडी हातानं वारा घेत होती. म्हणाली, "झालं का बराबर? लेकराचं काम झालं ना?"

"झालं," मी म्हणाले.

पंधरा दिवसांनी निवडीचं पत्र आलं. रचना महोत्सवासाठी घेतली होती. आईला पोशाखासह घेऊन यावं, दोघींच्या प्रवासाची सोय होईल. तिनं उत्तर स्वतः लिहिलं, मराठीत, मला न दाखवता. नंतर फोनवर वाचून दाखवलं, तेवढंच. 'आई येणार नाही. मी एकटी आले आणि माझं पाऊल केलं तर चालेल का?'

उत्तर नम्र होतं. या वर्षीच्या महोत्सवाचा विषय पाहता आईशिवाय रचना अपुरी वाटते. पुढच्या वर्षी नव्या प्रस्तावासह अवश्य अर्ज करावा. संस्थेच्या अनुदानाच्या अहवालात मात्र आईचा फोटो छापला गेला, खाली माझं वाक्य होतं, भेगाळलेल्या तळहातांचं. मी संस्थेला लांब पत्र लिहिलं. फार जळजळीत पत्र. चांगलं लिहिलं होतं. ते पाठवण्याआधी मी तिला वाचून दाखवायला तांड्यावर गेले. पहिली ओळ ऐकून तिनं हात पुढं केला, कागद घेतला, चार घड्या केल्या आणि माझ्याच पिशवीत ठेवला.

"यात 'आम्ही' कोण हाय?" तिनं विचारलं. भांडली नाही. मग याडीला हळद उकरू लागायला निघून गेली. ओसरीतलं रविवारचं काम त्यानंतर थांबलं.

वसमतच्या शाळेतली जागा भरलेली होती. ती आता हिंगोलीत कापडाच्या दुकानात आहे. मी वडिलांच्या गिरणीत बसते आणि अजून लिहिते, पण पत्रकात 'आम्ही' लिहायची वेळ आली की पेन खाली ठेवते आणि विचारायला जाते. वडिलांना ते आवडत नाही. म्हणतात, अशानं मोर्चाचा दिवस निघून जाईल. जातोही.

मागच्या महिन्यात मी औंढ्याहून बसनं हिंगोलीला चालले होते, खिडकीशी. फाट्यावर ती एकटी उभी होती. दोन्ही हात खाली, पाय डांबरापासून चांगले लांब, मातीत. ती बसकडे पाहत होती, पण अंगातलं काहीही पुढं आलं नव्हतं. वेग जरा कमी झाला, आणि परत वाढला.

"थांबवा," मी ओरडले.

"तुमचं तिकीट हिंगोलीचं हाय ना?" कंडक्टर म्हणाला.

"चढणारं माणूस हाय."

"हात केला का तिनं?"

मी उठून घंटीची दोरी ओढली. बस पाटीच्या बरीच पुढं जाऊन थांबली. ती धावली नाही. चालत आली, तितक्याच वेगानं जितक्या वेगानं ती कुठंही चालते, आणि चढली.

"ताई, हात करायला काय हुतं?" कंडक्टर म्हणाला. तिनं तिकिटाचे पैसे त्याच्या हातावर ठेवले. मग मला पाहिलं.

"तू थांबवली का?"

"व्हय."

"म्या सांगितलं व्हतं का तुला?"

कंडक्टर हसला, त्यानं दोनदा घंटी दिली. मी शेजारच्या जागेवरची पिशवी उचलून मांडीवर घेतली. ती दाराजवळचा दांडा धरून उभी राहिली, पाठ माझ्याकडे. हिंगोली येईपर्यंत ती तशीच उभी होती, आणि माझ्या शेजारची जागा रिकामी होती.